दाजीच्या गावचा प्रयोग

"पदकं लावा की आबा," देवस्थळी सर म्हणाले. "पुढच्या सोफ्यावर बसणार आहात तुम्ही. लोकांना कळायला नको, हा माणूस कोण आहे ते?"

"कळंल की. तुमी सांगनारच हाय न्हवं?" आबा म्हणाले आणि पदकांची डबी त्यांनी पुन्हा माझ्या पिशवीत टाकली.

कारवंडीच्या हायस्कूलच्या पटांगणात मांडव घातला होता. ऊन उतरायला लागलं होतं. मला बसायला मांडववाल्याने लग्नातली नवरीची लाल मखमली खुर्ची आणून ठेवली होती. हात असलेल्या खुर्चीत गिटार वाजवता येत नाही, हे मी त्याला परोपरीने समजावलं. "ताई, मान असतोय," एवढंच तो म्हणत होता. शेवटी शाळेतलं एक लाकडी स्टूल मी स्वतःच उचलून आणलं. कलाकाराचा मान हा असा असतो. त्याला हवं ते सोडून बाकी सगळं मिळतं.

आबा म्हणजे माझे आजोबा, रंगराव शेडगे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. लढलेले म्हणायचं, कारण लोक तसंच म्हणतात. खरं तर ते पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पलटणीत अशी पद्धत होती की लढाईला तोंड लागलं की बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत ठेवायची आणि स्ट्रेचर उचलायचं. जखमींना गोळीबारातून मागे, डॉक्टरांच्या तंबूपर्यंत आणायचं काम त्यांचं. आबांनी इटलीत बंदूक चालवली नाही, माणसं उचलली.

येताना ते तिथून एक गिटार घेऊन आले. कुठल्याशा खेड्यात पलटण विसावली असताना एका घरातून बिस्किटांचे डबे आणि एक कांबळं देऊन घेतलेली. त्या घरातली बाई दगडी हौदावर धुणं धुताना एक चाल गुणगुणायची, ती आबांनी कानाने उचलली. आमच्या आरवाडीत त्या गिटारला 'विलायती तुणतुणं' म्हणायचे आणि आबा ती घेऊन ओट्यावर बसले की येणारेजाणारे पसाभर जोंधळे आणू का म्हणून विचारायचे. आबांना ती एकच चाल येत होती. त्यांनी ती मला शिकवली आणि मी मग गिटारच्याच मागे लागले.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी ती चाल वाजवली तेव्हा पाहुणे म्हणून श्रीरंग देवस्थळी आले होते. पुण्याचे, इतिहासाचे प्राध्यापक, युद्धाच्या गोष्टी सांगण्यात नाव कमावलेले. आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हे आपल्याशीच बोलतायत. त्यांना नुसत्या बोलण्याला काहीतरी जोड हवी होती. चाल कुठली हे त्यांनी मला विचारलं आणि पुढच्याच रविवारी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. 'तोफा आणि तारा' हा आमचा कार्यक्रम असा उभा राहिला. ते उभे राहून इटलीची मोहीम सांगायचे, मी शेजारी बसून वाजवायची. कुठे नदीचं पाणी, कुठे चिखलातून चालणारी पलटण, कुठे नुसती एक तार. आणि शेवटी आबांची गोष्ट.

ही गोष्ट आबांनी तोवर कुणालाही सांगितली नव्हती, आजीलासुद्धा नाही. सरांना सांगितली ती एका अटीवर. मी तेव्हा चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते आणि ते कप माझ्या हातातच गार झाले.

कारवंडीचा दाजी फडतरे आणि आबा बरोबरच भरती झालेले. दोन्ही गावांच्या मध्ये फक्त एक ओढा. दाजी रायफलवाला, आबा बँडमध्ये. इटलीतल्या एका नदीवरच्या लढाईत माणसं इतकी पडली की स्ट्रेचर पुरेनात. डॉक्टर कॅप्टनने हुकूम दिला की जो वाचेल त्याला आधी उचला, पोट फुटलंय त्याच्यापाशी थांबू नका. आणि पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, घोटभरसुद्धा नाही. एका बांधाच्या आडोशाला आबांना दाजी दिसला. पोटावर दोन्ही हात दाबून पडला होता. शेजारी मांडीत गोळी लागलेला दुसरा एकजण होता, आबांच्या ओळखीचाही नाही.

"रंगा, पानी दे," दाजी म्हणाला.

आबांच्या कमरेची बाटली भरलेली होती.

"देऊ नगं म्हनलंय डॉक्टरनं."

"मग मला ने की रं."

"आलोच," आबा म्हणाले, आणि त्यांनी त्या दुसऱ्याला उचललं.

आलोच म्हणताना आपण येणार नाही हे ठाऊक होतं, असं आबांनी सरांना सांगितलं. ते परत गेले तेव्हा उजाडलं होतं. दाजीच्या तोंडात माती होती. बांधाच्या ओल्या मातीला तोंड लावून त्याने ओल चोखायचा प्रयत्न केला होता.

आपल्याकडे माणूस जाताना त्याच्या तोंडात पाणी घालतात, आणि लांब कुठे कुणी गेलं तर घरचे पहिलं हेच विचारतात की पाणी कुणी घातलं. लढाई संपून आबा घरी आले तेव्हा दाजीची आई जिवंत होती. म्हातारी तेच विचारणार हे आबांना माहीत होतं, म्हणून ते कारवंडीला गेलेच नाहीत. तालुक्याला जायची जवळची वाट त्या गावावरून होती, ते लांबच्या वाटेने जायचे. कारवंडीतल्या लग्नांना आजी एकटीच जायची. पुढे म्हातारी वारली. दाजीची धाकटी बहीण हौसाबाई नवरा गेल्यावर माहेरी परतली होती, घरातली तेवढी एकटी उरली होती.

"तिला कळाय पायजे," आबा सरांना म्हणाले. "मला खोटं बोलता येत न्हाई आन् खरं तोंडातनं भायेर पडत न्हाई. तुमी सांगा. कारवंडीत खेळ लावा, तिला म्होरं बसवा, आन् झालं तसं सांगा."

"आणि त्या काही बोलल्या तर?"

"बोलू दे की. शिव्या दील, दगुड मारंल. त्येच्यासाठीच तर. तिच्या शिव्या खाल्ल्या म्हंजी मी सुटलो."

सरांनी आबांचा हात हातात घेऊन शब्द दिला. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला होता, हेही सांगून टाकते.

पुण्यात आणि मुंबईत आम्ही ती गोष्ट झाली तशीच सांगितली. शेवटी टाळ्या पडायच्या नाहीत. लोक थोडा वेळ बसून राहायचे, मग खुर्च्या मागे सारून एकमेकांकडे न बघता निघून जायचे. मला ते आवडायचं. आपण कुणाच्या तरी छातीवर हात ठेवलाय असं वाटायचं. सरांना मात्र ते सोसत नव्हतं. पुण्यात एक बाई त्यांना येऊन म्हणाल्या, "शूरांच्या गोष्टी आहेत म्हणून मुलांना घेऊन आलो होतो आम्ही." परतताना गाडीत सरांनी तोच विषय काढला.

"वैजू," ते म्हणाले, "लोकांना घरी नेण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं."

"दिलंय की सर. जड आहे, इतकंच."

ते हसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

कारवंडीच्या प्रयोगाला सगळा गाव लोटला. बायकांनी सतरंज्या धरल्या, म्हाताऱ्यांनी खुर्च्या, आणि तरुण मंडळी मागे मोटारसायकलींवर बसून राहिली. सरपंचांनी हौसाबाईला हाताला धरून आणलं. बारीक चणीची म्हातारी, धुवून विटलेलं इरकली लुगडं, हातात काठी. तिला पुढच्या सोफ्यावर आबांच्या शेजारी बसवलं. सोफ्यात आपण रुतू की काय या भीतीने ती अगदी कडेला टेकली. मी स्टेजच्या कडेला गिटार सुरात लावत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आरवाडीचं शेडगं ते तुमीच का?" तिने विचारलं.

"व्हय."

"दाजीबरूबर व्हता म्हनं."

"व्हतो."

"मग कवा घरला आला न्हाईसा."

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आज सांगत्यात सगळं," ते म्हणाले. "आयका."

तिने मान हलवली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शिक्षा ऐकायला उभा केलेला माणूस ठेवेल तशी, दोन्ही हातांनी धरून.

सर त्या दिवशी सुरेख बोलले, ते मी नाकारत नाही. बोटीवर चढणारी खेड्यातली पोरं, त्यांना लागलेली बोट, इटलीतला थंड पाऊस, ओळखीचं एकही झाड नसलेले डोंगर. आपल्याच आजे-पणजोबांच्या गोष्टी आहेत म्हटल्यावर गाव तोंडात बोट घालून ऐकत होता. माझीही बोटं त्या दिवशी चांगली चालत होती. लढाईचा भाग आला तेव्हा दिवे लागले होते आणि मांडवात पोरंसुद्धा गप्प होती. ठरल्याप्रमाणे मी खालच्या तारेवर एकच सूर धरून ठेवला. सरांनी बँडवाल्यांचं काम समजावून सांगितलं, डॉक्टरांचा हुकूम सांगितला, बांधाच्या आडोशाला पडलेला दाजी सांगितला. मांडवातून एक हुंकार उठला, कारण दाजी त्यांचा होता.

"रंगा, पानी दे," सर म्हणाले. इथे मी आबांची चाल सुरू करायची होती. मी केली.

सर खाली सोफ्याकडे बघत होते. हौसाबाईने पदराचा बोळा तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे सरांच्या तोंडावरून हलत नव्हते.

"आणि रंगरावने," सर म्हणाले आणि थांबले. "रंगरावने हुकूम बाजूला ठेवला. कमरेची बाटली सोडली. दाजीचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या हाताने त्याला पाणी पाजलं."

माझ्या कानशिलातून जाळ निघाला. मी तारांवर तळवा दाबला, वाजवणं बंद केलं आणि सरांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस अडखळेल, माझ्याकडे बघेल, लाजेल. पण ते मुरलेले होते. त्यांनी ती शांतता माझ्याकडून काढून घेतली. सगळ्या मांडवावर ती नीट पसरू दिली आणि मग माइकला ओठ लावून अगदी हळू म्हणाले, "मग त्याला खांद्यावर घेतलं. डॉक्टरांचा तंबू दिसायला लागला तेव्हा दाजी गेला. पण तहानलेला गेला नाही. आपल्या माणसाच्या खांद्यावरून गेला."

बायका रडायला लागल्या. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. आमच्या कार्यक्रमाला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

तेव्हाच उठून माइक हिसकावून घ्यायला हवा होता, असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. ते सगळे घरात, खुर्चीत बसून सांगत होते. शिवाय माझ्या आधी आबा उठले होते. ते सोफ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. "न्हाई," ते म्हणत होते, "तसं न्हाई झालं." मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. टाळ्यांमध्ये त्यांचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नव्हता. "स्वतः रंगराव शेडगे आज आपल्यात आहेत," सर माइकवरून म्हणाले, आणि बसलेला गाव उठून उभा राहिला. आबांचा वर केलेला हात म्हणजे नमस्कार, असं सगळ्यांनी धरलं.

सरपंच शाल आणि नारळ घेऊन आले. सत्काराच्या ताटात निरांजन होतं. हौसाबाईने काठी सोफ्याला टेकवली आणि सरपंचांच्या बायकोच्या हातून ते ताट घेतलं. विधवा बाईने चारचौघांत ओवाळायचं नसतं. आमच्या भागात तेव्हा तरी हे कडक होतं. सरपंचांची बायको क्षणभर घुटमळली, पण कुणी काही बोललं नाही. हौसाबाईने आबांना कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग ताट ठेवून वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबा मागे सरायला गेले तर मागे सोफा होता. ते तसेच उभे राहिले. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मान फिरवली.

मांडवामागे शाळेच्या शिक्षकखोलीत चहा-पोहे ठेवले होते. मी सरांना तिथे गाठलं.

"सर, हे काय केलंत तुम्ही?"

"तू तिच्याकडे बघितलंस का? मला नाही म्हणवलं ते, वैजू. खरंच नाही म्हणवलं."

"आबांनाही म्हणवत नव्हतं. म्हणून तर त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"ती म्हातारी आज सुखाने झोपेल."

"आणि म्हातारा?"

सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, यानेच माझा जास्त संताप झाला. खोटा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी येऊन बोलेन आबांशी," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "तुझं ते थांबणं मात्र अप्रतिम होतं. तिथे गिटार बंद करायची हे मला इतके दिवस कसं सुचलं नाही? ते तसंच ठेवू आपण."

त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला, अगदी हात शिवशिवला. पण बाहेरून सरपंच आत आले, सरांना मिठी मारून म्हणाले की असा कार्यक्रम तालुक्यात झाला नाही, आणि मी गिटार पेटीत घालून बाहेर पडले. सरांबरोबर मी पुन्हा वाजवलं नाही. त्यांनी दुसरा मुलगा घेतला. कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालला, परदेशातही जाऊन आला, आणि आबांची गोष्ट कारवंडीत सांगितली तशीच शेवटपर्यंत राहिली. आता मी साताऱ्यात गिटारचे क्लास घेते. एकदा माझी एक विद्यार्थिनी तो कार्यक्रम बघून आली आणि सांगायला लागली की पाणी पाजतो तिथे गिटार एकदम थांबते, मॅडम, अंगावर काटा येतो. मी तिला म्हणाले, बोटं वाकडी पडतायत तुझी, आधी ती सरळ कर.

आबांशी बोलायला सर आले नाहीत. पत्र पाठवलं, त्यात बरंच चांगलं लिहिलं होतं.

प्रयोगाहून घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, पोहे खाल्ले. खाल्ले नव्हते. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही आणि शाल अंगावरून काढलीही नाही. तसेच ओसरीवर बसून राहिले. सकाळी आंघोळ करून धोतर नेसले आणि मला म्हणाले, "चल."

"कुठं?"

"कारवंडीला. माझं मलाच सांगाय पायजे. उगं दुसऱ्याच्या गळ्यात मारलं म्या."

ओढ्यातून उतरून आम्ही जवळच्या वाटेने गेलो. आबा वाटेत स्वतःशीच पुटपुटत होते. मी कान दिला. "पानी मागितलं, दिलं न्हाई. ने म्हनला, नेला न्हाई." पोरं पाढे घोकतात तसं ते हेच घोकत होते. मला त्यांची कीव आली आणि बरंही वाटलं. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

हौसाबाई दारातच शेळीला पाला घालत होती. आबांना बघून तिने हात लुगड्याला पुसले.

"दादा, या की. बरं झालं आला. पोरी, ये गं."

एका रात्रीत आबा दादा झाले होते. तिने आम्हाला घोंगडीवर बसवलं, पितळी तांब्यातून पाणी आणि वाटीत गूळ आणून ठेवला. मी प्यायले. आबांनी पेल्याला हात लावला नाही.

"हौसाबाई," ते म्हणाले, "काल त्या सरांनी सांगितलं न्हवं..."

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझा," ती म्हणाली. "काळजीनं न्हवं. बरं वाटून."

"आदी माझं आयकून घ्या."

"आयकते की. पर तुमाला एक सांगते, ते कुनाला ठावं न्हाई." ती आबांच्या समोर जमिनीवर बसली. "आमची आई जायला लागली तवा म्या तिच्या तोंडात पानी घातलं. तिनं ते थुकलं. पुन्यांदा घातलं, पुन्यांदा थुकलं. म्हनली, माझ्या लेकाला मिळालं का न्हाई मला ठावं न्हाई, मी कशी पिऊ? तशीच कोरडी गेली बगा. लोकांस्नी म्या सांगितलं, पानी घिऊन गेली."

बाहेर शेळी पाला ओढत होती. हौसाबाईने हात जोडले नाहीत की काही नाही, नुसती आबांच्या तोंडाकडे बघत होती, काल सरांकडे बघत होती तशीच.

"त्यो सर शिकल्याला मानूस," ती म्हणाली. "त्येनं पोथी सांगावी तसं सांगितलं. पर त्यो काय तिथं न्हवता. मला एकदा तुमच्या तोंडनं आयकायचंय. पानी पाजलं न्हवं तुमी?"

मी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सांगा, असं मला म्हणायचं होतं की सांगू नका, ते मला आजही नक्की म्हणता येणार नाही. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता ते घोकलेलं बाहेर येणार.

"व्हय," आबा म्हणाले. "पाजलं."

"तुमच्याच हातानं?"

"माझ्याच."

"पोटभर प्याला?"

"पोटभर प्याला."

"काय बोलला का वो शेवटाला?"

आबांनी घोंगडीची एक दशी बोटाला गुंडाळली, सोडली. "आईला सांग म्हनला," ते म्हणाले, "हितलं पानी आपल्या हिरीवानी गोड हाय."

देवस्थळी सरांना हे सुचलं नसतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात बाजारात वांग्याचा भावसुद्धा खोटा सांगितला नव्हता, तो हे इतक्या सहज बोलला की मीसुद्धा क्षणभर तो दाजी बघितला, पाणी पिऊन ओठ पुसणारा. हौसाबाईने पदर डोळ्यांना लावला. आवाज न करता ती बराच वेळ रडली आणि मग तिचं तोंड इतकं मोकळं दिसायला लागलं की तिचं वय कमी झाल्यासारखं वाटलं.

"आवो, तुमचं पानी तसंच ऱ्हायलं की," ती म्हणाली आणि पेला उचलून तिने आबांच्या हातात दिला.

आबांनी तो एका दमात रिकामा केला. मग उठले. तिने भाऊबीजेला या म्हटलं, त्यांनी येतो म्हटलं. पुढे दर वर्षी गेलेही, ती जिवंत होती तोवर. दर वर्षी ती पाण्याची गोष्ट विचारायची आणि आबा सांगायचे.

त्या सकाळी आम्ही ओढ्याच्या वाटेने परत निघालो. आबा पुढे चालले होते, नेहमीपेक्षा भरभर. मी त्यांना गाठलं तेव्हा ते थांबले. रडत वगैरे नव्हते. तोंड कडू झाल्यासारखं बाजूला थुंकले.

"तेवढीच एक ऱ्हायली व्हती," ते म्हणाले. "आता सांगायला कुनी उरलं न्हाई."

"मला माहिती आहे की आबा सगळं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण परक्या माणसाकडे बघावं तसं.

"तुला म्हाईत असून काय उपेग?" ते म्हणाले. "तू दाजीची कोन?"